गंज, सांधा आणि जुनी मोटार

जुन्या मोटारी जतन करणें हा अलीकडे जगभर प्रतिष्ठेचा छंद होऊन बसला आहे, आणि त्याविषयींचें वाङ्मयही विपुल आहे. तथापि त्या वाङ्मयांत इंजिनाचें आणि शर्यतींचें जेवढें वर्णन सांपडतें, त्याच्या शतांशही पत्र्याचें सांपडत नाहीं. आमच्या मतें हा मोठा अन्याय आहे. इंजिन थकलें तर दुसरें बसवितां येतें. पत्रा कुजला म्हणजे मोटारच संपते. असें कां व्हावें, हें समजण्यास थोडें मागें जावें लागतें.

पहिल्या मोटारी घोडागाड्यांच्या वळणावर बांधलेल्या असत. खालीं लोखंडी सांगाडा, त्यावर लांकडाची चौकट, आणि चौकटीला ठोकलेला पत्रा. पत्रा गंजला तरी गाडीचें बळ सांगाड्यांत शाबूत राही. सुतार आणि पत्रेवाला मिळून तिला पुन्हां उभी करीत. फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बड यानें १९१२ सालीं कारखाना काढला आणि लांकूड वगळून केवळ पोलादी पत्र्याची बॉडी बनविण्याचा ध्यास घेतला. १९१४ सालीं डॉज बंधूंनीं ती पत्करली. पुढें सित्रोएन यानें ती विद्या फ्रान्सांत नेली. त्यांच्या १९३४ सालच्या ‘त्राक्सियों आव्हाँ’ मोटारीला तर निराळा सांगाडाच नव्हता. घराच्या भिंतींनींच छत पेलावें, तसा पत्र्याचा कोषच सारें ओझें वाहूं लागला.

हे पत्रे जोडले जात विजेनें. विजेच्या प्रवाहानें धातु तापवून सांधण्याच्या युक्तीचें पेटंट अमेरिकेंत एलिह्यू टॉमसन यास १८८६ सालींच मिळालें होतें. एकावर एक ठेवलेल्या दोन कडा तांब्याच्या टोंकांत चिमटावयाच्या आणि ठिकठिकाणीं टिंबाएवढ्या जागीं वितळवून एक करावयाच्या, ही रीत जलद व स्वस्त खरी. परंतु दोन टिंबांमध्यें केसाएवढी फट राहते, आणि तींत रंगाचा ब्रश पोचत नाहीं. पाणी मात्र पोचतें, आणि सहसा वाळत नाहीं. गंज मूळच्या लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापतो. म्हणून तो पाचरीप्रमाणें दोन्ही पत्र्यांस आंतून फांकवीत जातो. बाहेर रंगावर फोड दिसूं लागतो तेव्हां आंतलें काम बहुधा आटोपलेलें असतें. दाराखालच्या पोकळ तुळईची दशा सर्वांत वाईट, आणि गाडीचें बरेंचसें बळ त्याच तुळईंत!

असा पत्रा सांधणें लोहाराच्या भात्याचें काम नव्हे. एक मिलिमीटरहून पातळ पत्रा भट्टींत जळूनच जावयाचा. अॅसिटिलीन वायु एडमंड डेव्ही यास १८३६ सालींच सांपडला होता, पण तो स्वस्त झाला १८९२ सालीं टॉमस विल्सन यास कार्बाइड करण्याची रीत अकस्मात् गवसल्यावर. प्राणवायूबरोबर त्याची ज्योत तीन हजार अंशांवर जाते हें ल शातेलिए यानें १८९५ सालीं दाखविलें, आणि १९०३ च्या सुमारास फूशे व पिकार यांनीं त्या ज्योतीचें हातांत धरण्याजोगें हत्यार बनविलें. ज्योतीची उष्णता मात्र चहूंकडे पसरते व पत्रा पापडासारखा वांकतो. तो गरम असतांच हातोडीनें सरळ करणारा कारागीर हाच त्या काळचा खरा गुणी. १९४८ सालीं ओहायोच्या बॅटेल संस्थेंत वायूच्या आवरणाखालीं तार वितळविण्याची पद्धति सिद्ध झाली. १९५३ सालीं तींत स्वस्त कार्बन डायॉक्साइड आला, आणि पुढें ती पातळ पत्र्यालाही मानवली.

साधन सोपें झालें, आणि लबाडीही सोपी झाली. ब्रिटनमध्यें १९६० सालीं दहा वर्षांहून जुन्या मोटारींची सक्तीची तपासणी सुरू झाली व कालांतरानें तींत बळ वाहणाऱ्या भागांचा गंजही पाहिला जाऊं लागला. तेव्हां कुजक्या पत्र्यावरच नवें ठिगळ जोडून, लांबी भरून, रंग फांसून गाडी साजरी करण्याचा मोह अनेकांस झाला. अशानें नवी फट निर्माण होते, जुना गंज तिच्या आड सुखानें वाढतो, आणि धडक बसली म्हणजे बळ कोठेंच नसतें. निरोगी, चकचकीत धातु लागेपर्यंत पत्रा कापावा, त्याच आकाराचा तुकडा कडेस कड भिडवून थोडा थोडा, थंड होऊं देत, सांधावा, आणि मग पोकळींत मेण सोडावें, हाच सरळ मार्ग. त्यानें मूळचा पत्रा जातो व गाडीचें अस्सलपण उणावतें, अशी तक्रार संग्राहक करतात. अस्सल गंज बाळगण्यांत कोणता पुरुषार्थ, हें आम्हांस उमगलेलें नाहीं.

मुंबईकरांस हा विषय परका वाटूं नये. कुर्ल्याच्या कारखान्यांत बनलेली फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, याच बिनसांगाड्याच्या वंशांतली. चार महिने पाऊस आणि बारमाही खारा वारा सोसणाऱ्या या टॅक्स्या ऑक्टोबर २०२३ मध्यें रस्त्यावरून निवृत्त झाल्या. त्यांतील ज्या हौशी लोकांनीं राखल्या आहेत, त्यांस इंजिनाआधीं तळाचा पत्रा पाहावा लागेल.

१९७५ च्या सुमारास पोर्शे कारखान्यानें बॉडीच्या पत्र्यावर जस्ताचा लेप चढविण्यास आरंभ केला आणि इतरांनीं तो कित्ता गिरविला. पण जस्त नऊशें अंशांच्या आसपासच उकळतें आणि त्याच्या धुरानें कारागिरास ताप भरतो. म्हणून सांधण्यापूर्वीं तें घासून काढावें लागतें, आणि नेमकें सांध्यापाशींच लोखंड पुन्हां उघडें पडतें.