ऑनलाइन उसनवारी : व्याज अधिक, जोखीमही स्वतःचीच

बँकांच्या मुदत ठेवींवरील व्याजातून प्राप्तिकर आणि महागाई वजा केली, की ठेवीदाराच्या हाती फारसे काही उरत नाही. निवृत्तीनंतर व्याजावरच घरखर्च चालविणाऱ्यांना ही चणचण अधिक जाणवते. अशा वेळी ठेवीपेक्षा कितीतरी अधिक व्याज देऊ करणारे पर्याय खुणावू लागतात. ‘पीअर टू पीअर लेंडिंग’ अर्थात ‘पी-टू-पी’ कर्जव्यवहार हा असाच एक पर्याय होय. तथापि, त्याला ठेव समजून पैसे गुंतविणे ही या व्यवहारातील सर्वांत महागडी चूक ठरते.

व्यवहाराचे स्वरूप

बँक ठेवीदारांकडून पैसे घेते आणि स्वतःच्या जबाबदारीवर कर्ज देते. एखादे कर्ज बुडाले, तरी ठेवीदाराचे देणे बँकेला चुकत नाही. बँकच अडचणीत आली, तर ठेव विमा महामंडळाकडून प्रत्येक ठेवीदाराला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा १ लाख रुपये होती.

पी-टू-पी व्यवहारात गुंतवणूकदार हाच सावकार असतो. संकेतस्थळ चालविणारी कंपनी केवळ ऋणको आणि धनको यांची गाठ घालून देते, कर्जदाराची पत तपासते, करारपत्र करून देते आणि वसुलीस साह्य करते. कर्ज विनातारण असते. भिशीत सभासद एकमेकांना ओळखतात आणि चारचौघांतील शब्दाला किंमत असते. येथे कर्जदार दुसऱ्या राज्यातील, कधीही न भेटलेला असू शकतो. त्याने पैसे बुडविले, तर ना विमा, ना कंपनीची हमी. दोन-पाच हजार रुपयांसाठी परगावच्या कर्जदाराविरुद्ध न्यायालयात जाणे कोणालाच परवडत नाही.

परदेशातील अनुभव

या पद्धतीची सुरुवात २००५ मध्ये ब्रिटनमधील ‘झोपा’ या कंपनीने केली. पाठोपाठ अमेरिकेत ‘प्रॉस्पर’ आणि ‘लेंडिंग क्लब’ पुढे आल्या. पुढे झोपाने बँकेचा परवाना घेतला आणि २०२१ मध्ये पी-टू-पी व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. लेंडिंग क्लबनेही २०२० अखेर सामान्य गुंतवणूकदारांसाठीचे दालन बंद केले.

चीनमधील अनुभव याहून कटू होता. तेथे ‘ईझूबाओ’ या कंपनीने सुमारे ९ लाख गुंतवणूकदारांकडून गोळा केलेले पैसे नव्यांकडून घेऊन जुन्यांना देण्याच्या बनावट योजनेत गेल्याचे २०१६ मध्ये उघड झाले. २०१८ मध्ये अशा कंपन्या एकामागून एक कोसळल्या आणि नोव्हेंबर २०२० पर्यंत तेथील एकही पी-टू-पी कंपनी कार्यरत उरली नाही.

रिझर्व्ह बँकेची चौकट

भारतात रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१७ मध्ये या व्यवसायासाठी सविस्तर निर्देश जारी केले. ‘एनबीएफसी-पी२पी’ म्हणून नोंदणी आणि किमान २ कोटी रुपयांचा स्वनिधी बंधनकारक झाला. कंपनीला ठेवी स्वीकारता येत नाहीत, स्वतः कर्ज देता येत नाही आणि परतफेडीची हमीही देता येत नाही. पैशांची देवाणघेवाण कंपनीच्या खात्यातून नव्हे, तर विश्वस्ताच्या देखरेखीखालील एस्क्रो खात्यांतून होते. रोखीचे व्यवहार वर्ज्य आहेत.

एका धनकोने एकाच कर्जदाराला ५० हजारांपेक्षा अधिक रक्कम द्यावयाची नाही, कर्जदाराने सर्व कंपन्यांकडून मिळून १० लाखांपेक्षा अधिक कर्ज घ्यावयाचे नाही आणि कर्जाची मुदत ३६ महिन्यांहून अधिक नसावी, असे हे नियम आहेत. धनकोची एकूण मर्यादा डिसेंबर २०१९ मध्ये १० लाखांवरून ५० लाख रुपये करण्यात आली. मात्र १० लाखांपुढे जाणाऱ्याला आपली निव्वळ मालमत्ता किमान ५० लाखांची असल्याचे सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र द्यावे लागते.

२०२४ मधील बडगा

काही कंपन्यांनी या चौकटीला बगल देत ‘ठरावीक परतावा, हवे तेव्हा पैसे परत’ अशी जाहिरातबाजी सुरू केली. नव्या धनकोचे पैसे वापरून जुन्याला मोकळे करण्याचे प्रकारही घडू लागले. गुंतवणूकदाराला ती जणू बचत खात्याचीच सोय वाटे. रिझर्व्ह बँकेने १६ ऑगस्ट २०२४ रोजी निर्देशांत दुरुस्ती करून हे प्रकार रोखले. खात्रीच्या परताव्याची किंवा तत्काळ रोकडसुलभतेची भाषा करण्यास मनाई झाली. एस्क्रो खात्यात आलेला पैसा दुसऱ्या दिवसापलीकडे तेथे पडून राहू नये, असे बंधन आले. मुद्दल आणि व्याजाचा संपूर्ण तोटा धनकोनेच सोसावयाचा, हेही निःसंदिग्धपणे स्पष्ट करण्यात आले. परिणामी ‘केव्हाही पैसे काढा’ ही या गुंतवणुकीची मोहिनीच संपली. कर्जाचे हप्ते येतील तसतसेच पैसे परत मिळणार, हे धरून चालले पाहिजे.

परताव्याचे खरे गणित

समजा, एखाद्याने १ लाख रुपये ५० कर्जदारांना प्रत्येकी २,००० याप्रमाणे वर्षभरासाठी १८ टक्के व्याजाने दिले आणि वर्षअखेर एकरकमी परतफेड ठरली. सर्वांनी पैसे फेडले, तर १८,००० रुपये व्याज मिळेल. परंतु तिघांनी पूर्ण रक्कम बुडविली, तर ४७ जणांकडून १,१०,९२० रुपये हाती येतील. कंपनीचे शुल्क दीड टक्का धरल्यास लाभ ९,४२० रुपयांवर येतो. मिळालेले १६,९२० रुपये व्याज करपात्र असून ३० टक्क्यांच्या टप्प्यातील व्यक्तीला त्यावर उपकर सोडून ५,०७६ रुपये कर पडेल. बुडालेल्या मुद्दलाची या व्याजातून वजावट मिळेल, असे गृहीत धरू नये. म्हणजे निव्वळ लाभ उरतो ४,३४४ रुपये, सुमारे ४.३ टक्के. तिघांऐवजी पाच जणांनी पैसे बुडविले, तर १६० रुपयांचा तोटाच होतो.

रक्कम अनेक कर्जदारांत विभागल्याने एखाद्या बुडव्याचा फटका सौम्य होतो, हे खरे. परंतु मंदीत नोकऱ्या जाऊ लागल्या, की अनेकांचे हप्ते एकाच वेळी थकतात आणि ही विभागणी पुरेशी ठरत नाही. शिवाय चढे व्याज देण्यास तयार असलेल्या कर्जदारांत बँकेने दारात उभे न केलेलेही असतात, हे विसरता कामा नये.

हे तपासून पाहावे

- कंपनीची नोंदणी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरील यादीत आहे का, हे पाहावे. मोबाइल ॲप एका कंपनीचे आणि परवाना दुसरीचा, असेही असू शकते.
- थकीत कर्जांचे प्रमाण व धनकोंनी सोसलेला तोटा जाहीर करणे कंपनीवर बंधनकारक आहे. सरासरी व्याजदराआधी हे आकडे वाचावेत.
- प्रत्येक कर्जदाराची माहिती पाहून स्वतः संमती द्यावी.
- कंपनी बंद पडल्यास उरलेल्या कर्जांची वसुली कोण करणार, हे विचारून घ्यावे.
- ‘हमखास परतावा’ असे शब्द कानी पडल्यास तेथूनच माघारी फिरावे.

आकस्मिक खर्चासाठीची पुंजी, मुलांच्या शिक्षणाची तरतूद आणि निवृत्तीचा निधी या व्यवहारापासून दूरच ठेवणे श्रेयस्कर. ज्याची अन्य गुंतवणूक भक्कम आहे आणि पूर्णतः बुडाली तरी घडी विस्कटणार नाही एवढीच रक्कम जो बाजूला काढू शकतो, त्यानेच हा मार्ग चोखाळावा. बँकेपेक्षा अधिक मिळणारे व्याज ही बँकेने एरवी उचललेली जोखीम स्वतःच्या शिरावर घेतल्याची किंमत असते.