मधल्या सुट्टीचा इतिहास

स्मरणिकेसाठी 'तू तंत्रज्ञानावर काहीतरी लिही' असा निरोप आला होता. वर्गात एखादी सॉफ्टवेअरवाली असली की तिच्या माथी हाच विषय येतो. मी होही म्हटलं होतं. पण त्याच निरोपाबरोबर आपण सगळे मिळून शाळेला देणार असलेल्या संगणक कक्षाचा नकाशा आला, आणि तो पाहून मी विषय बदलला. नकाशात नवी इमारत जिथे दाखवली आहे, तिथे आपलं खोखोचं मैदान आहे.

मैदान म्हणणं धाडसाचंच. मोठं मैदान मुलांच्या क्रिकेटचं. आपल्याला, म्हणजे मुलींना, कडुलिंबापासून पाण्याच्या टाकीपर्यंतची पट्टी मिळायची. एक खांब म्हणजे कडुलिंब आणि दुसरा टाकीचा नळ. मधली सुट्टी पंचवीस मिनिटांची, त्यातली पाच डब्याला. पंच कोणी नाही. 'खो' आधी दिला की पाठीला हात आधी लागला, यावर रोज भांडण आणि घंटा व्हायच्या आत तोड काढणं भाग, नाहीतर डाव बुडाला. आज चार देशांतल्या माणसांच्या मीटिंगमध्ये वाद मिटवताना मला इंजिनिअरिंगचं एकही पुस्तक आठवत नाही, हा नळ आठवतो.

लहानपणी वाटायचं, मधली सुट्टी म्हणजे शाळा नसलेली वेळ. मोठेपणी कुतूहलापोटी वाचत गेले तेव्हा कळलं, की खेळ शाळेच्या आत यावा म्हणून माणसांनी आयुष्यं घातली आहेत. फ्रोबेल या जर्मन शिक्षकाने १८३७ साली लहान मुलांसाठी खेळावर आधारलेली शाळा काढली आणि पुढे तिला 'किंडरगार्टन', मुलांची बाग, असं नाव दिलं. १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने अशा शाळांवर चक्क बंदी घातली. ती उठली १८६० साली, तोवर फ्रोबेल वारले होते. चार-पाच वर्षांची पोरं ठोकळे रचतात, गाणी म्हणतात, याची एका राजसत्तेला भीती वाटावी!

आपल्याकडे हे काम आधी गुजरातेत झालं. गिजुभाई बधेका मूळचे वकील. त्यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केलं. तिथेच ताराबाई मोडक त्यांच्या सहकारी झाल्या आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. हे सगळे मॉंटेसोरीबाईंच्या पद्धतीने भारावलेले. पण ते साहित्य महाग, शहरी घरांना परवडणारं. खेड्यातल्या मुलांचं काय, हा प्रश्न ताराबाईंना सोडेना. म्हणून १९४५ साली, पन्नाशी ओलांडल्यावर, त्या डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला आल्या. सोबत अनुताई वाघ, लहान वयातच विधवा झालेल्या आणि जिद्दीने शिकून शिक्षिका झालेल्या. ज्यांचं स्वतःचं बालपण अर्ध्यात तुटलं, त्यांनी पुढची सगळी वर्षं दुसऱ्यांच्या मुलांच्या खेळात घालवली, हे मला फार मोठं वाटतं.

बोर्डीला शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हेच साहित्य झालं. तरी दलित वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. मग या दोघींनी मुलांना बोलावणं सोडलं आणि बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली, जिथे ती एरवीही खेळत होती. तीच अंगणवाडी. आज देशभर गावोगाव ही पाटी दिसते, सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ पासून सुरू आहे. पण शब्द आणि कल्पना आपल्या बोर्डीची. पुढे १९५७ मध्ये काम जवळच कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली आदिवासी मुलं गुरं राखायला जायची, तर शाळा कुरणात गेली. नाव कुरणशाळा. नववीच्या सहलीत आपण डहाणूला गेलो होतो आणि चिकूवर ताव मारून परत आलो. टेकडी जवळच होती, हे मला विसाव्या वर्षानंतर कळलं.

मैदानी खेळाची गोष्ट वेगळी आणि ती बरीचशी पुरुषांची. खोखोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास बांधायला घेतले. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने तिथे देशी खेळ करून दाखवले. मुली या चित्रात यायला वेळ लागला. म्हणून जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खोखो विश्वचषक झाला आणि पुरुषांबरोबर भारताच्या मुलींनीही तो जिंकला, कर्णधार महाराष्ट्राची प्रियांका इंगळे, तेव्हा मी ऑफिसातून सुट्टी न घेता, पण काम न करता, तो सामना पाहिला.

आता नकाशाकडे येते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला काय काय हवं त्याची यादी आहे. त्यात वर्गखोल्या, स्वच्छतागृह आणि पिण्याच्या पाण्याच्या जोडीला खेळाचं मैदान आहे. मैदान ही शिल्लक जागा नाही. माझा मुलगा पुण्यात ज्या शाळेत जातो तिथे मधली सुट्टी पंधरा मिनिटांची आहे आणि त्या वेळात धावायला मनाई आहे, लागतं म्हणून. तो दमलेला नसतो, तरी चिडचिडा होऊन घरी येतो. मी तिथे दोनदा अर्ज दिला. उत्तर नाही.

आपल्या शाळेत पहिला संगणक आला तेव्हाची खोली आठवते? चपला बाहेर, संगणकावर फुलाफुलांची चादर, आठवड्यातून एकदा वीस मिनिटं आणि एका यंत्रासमोर आपण सहा जणी. कीबोर्डला माझा हात महिन्यातून एकदा लागायचा. माझं क्षेत्र तिथून सुरू झालं असं भाषणात म्हणायला छान वाटतं, पण खरं नाही. ते कॉलेजात सुरू झालं. दहावीला पीटीचा तास गणिताला दिला गेला, त्यानेही मी इंजिनिअर झाले नाही.

संगणक कक्ष व्हायलाच हवा, त्याच्या वर्गणीत माझा वाटा आहेच. पण आज लॅपटॉप, वायफाय आणि नीट वायरिंग असलं की तो कुठल्याही खोलीत होतो. जुन्या इमारतीचा पहिला मजला, चित्रकलेच्या वर्गाशेजारच्या दोन खोल्या, रिकाम्या आहेत. छप्पर गळतं, पण ते दुरुस्त करण्याचा खर्च नव्या बांधकामापेक्षा कमीच येईल. मी वायरिंगचा आराखडा काढून समितीला पाठवला आहे. संमेलनाच्या दिवशी सकाळी दहाच्या आधी जे येतील त्यांनी कडुलिंबाखाली यावं. मी टेप घेऊन येणार आहे, पट्टी मोजून नकाशावर लिहायची आहे. टाकी पाडली म्हणतात, पण नळ अजून आहे.