सरसेनापतीचे गुलाबी घर

चवथ जवळ आली म्हणून बहिणीकडे घर रंगवायला काढले. आठ वर्षांच्या भाच्याने हट्ट धरला, माझी खोली गुलाबीच हवी. "गुलाबी? तो काय मुलगी आहे?" भावोजींनी निकाल देऊन टाकला. मला हसू आले. लग्नात याच भावोजींच्या डोक्यावर चांगला गुलाबी फेटा होता!

मग त्यांना आयझेनहॉवरच्या घराची गोष्ट सांगितली.

ड्वाइट आयझेनहॉवर म्हणजे १९४४ साली नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्तांच्या फौजा उतरवणारा सरसेनापती. १९५३ मध्ये तो अमेरिकेचा अध्यक्ष झाला. शपथविधीच्या रात्री त्याची बायको मेमी दोन हजारांवर खडे जडवलेला गुलाबी झगा घालून मिरवली. व्हाइट हाउसची मोठी दुरुस्ती आदल्याच वर्षी संपलेली. दिवाणखान्यांवर पुन्हा खर्च करायला पैसा नव्हता. पण वरच्या खासगी मजल्यावर मेमीने आपला रंग आणलाच. पलंगाची डोक्याकडची पाठ गुलाबी कापडाने मढवलेली. सकाळी त्याच पलंगावर बसून ती नोकरचाकरांना दिवसाची कामे सांगे. बातमीदार त्या घराला 'गुलाबी महाल' म्हणू लागले.

हे नुसते हौशी बाईचे वेड म्हणून सोडून द्यावे असे मला वाटत नाही. १९१६ मध्ये लग्न झाल्यापासून मेमीने नवऱ्याच्या बदल्यांपायी तीसहून जास्त बिऱ्हाडे केली. पनामा, पॅरिस, फिलिपिन्स... भिंती सरकारच्या, घर दुसऱ्याचे. गेटिसबर्गजवळची शेतवाडी त्यांनी १९५० मध्ये घेतली, ते त्यांचे पहिले स्वतःचे घर. तिथे मेमीची न्हाणीसुद्धा गुलाबी आहे. बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरलेल्या माणसालाच आपल्या रंगाच्या भिंतीची किंमत कळते.

त्या दशकात अमेरिकेत गुलाबी न्हाण्यांची लाटच आली. फरशी गुलाबी, टब गुलाबी, बेसिन गुलाबी. आजही त्या रंगाला तिथे 'मेमी पिंक' म्हणतात. सगळे श्रेय तिला देणे मात्र बरोबर नाही. रंगीत बेसिने आणि टब १९२०च्या दशकातच बाजारात आले होते. मंदी आणि महायुद्धाने लोकांचे हात बांधले गेले. युद्ध संपल्यावर नवी घरे भराभर उठली आणि साठलेली हौस बाहेर पडली.

पण या हौशीला एक बोचरी बाजू आहे. युद्धात कारखाने चालवलेल्या बायकांना तेव्हा पुन्हा घरात धाडले जात होते, आणि त्यांच्यासाठी सजवलेल्या घराचा रंग गुलाबी ठरत होता. 'बायकांचा रंग' हा शिक्का तेव्हाच पक्का बसला. नाहीतर १९१८ साली तिथल्याच एका व्यापारी मासिकाने लिहिले होते की गुलाबी हा ठसठशीत रंग, तो मुलांना शोभतो. मुलींना नाजूक निळा!

आणि जर्मनांना हरवणारा सरसेनापती? तो त्या गुलाबी खोलीत निवांत झोपत असे. गेटिसबर्गचे घर १९८० पासून लोकांना पाहायला खुले आहे.

भावोजींनी सगळे ऐकून घेतले. म्हणाले, "बरं, एक भिंत." भाच्याला चारही हव्यात. हे लिहितो आहे तेव्हा बोलणी दोन भिंतींवर अडली आहेत आणि रंगारी वसरीत बसून चहा पितो आहे.