हिराकस, रक्त आणि बर्लिनचा निळा

अठराव्या शतकाच्या तोंडाशी युरोपातल्या चित्रकाराला निळ्या रंगाची मोठी चणचण होती. सर्वांत सुंदर निळा लाजवर्दाचा. तो दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून यायचा, आणि कुटून, मळून, धुऊन त्याचा रंग हाती येईपर्यंत किंमत सामान्य चित्रकाराच्या आवाक्याबाहेर गेलेली असे. कोबाल्टची निळी काच दळून केलेला स्माल्ट स्वस्त होता, पण तेलात कालवला की काही वर्षांत राखाडी पडे.

अशा वेळी, 1706च्या सुमाराला, बर्लिनमध्ये डीसबाख नावाचा रंग बनवणारा कारागीर लाल रंग करायला बसला होता. कोचिनील किड्यांचा काढा, तुरटी, हिराकस आणि पोटॅश ही त्याची नेहमीची सामग्री. त्या दिवशी पोटॅश संपलं होतं, म्हणून त्याने योहान कोनराड डिपेल या किमयागाराकडून थोडं घेतलं. डिपेल प्राण्यांच्या रक्तापासून एक औषधी तेल काढत असे आणि हे पोटॅश त्या तेलाच्या शुद्धीकरणात वापरून झालेलं होतं. लाल साका फिकाच पडला. डीसबाखने तो आटवला तेव्हा आधी जांभळा आणि मग गडद निळा झाला. ही हकिकत गेओर्ग एर्न्स्ट श्टाल या रसायनशास्त्रज्ञाने 1731मध्ये लिहून ठेवली, म्हणजे घटनेनंतर पाव शतकाने. तपशिलात थोडंफार मीठमसाला असेलही, पण रसायन चोख जुळतं. रक्तात कार्बन आणि नायट्रोजन भरपूर असतो. पोटॅशबरोबर तो तापला की सायनाइड तयार होतं, आणि हिराकशीतलं लोह ते लगेच पकडतं.

योगायोग म्हणून ही गोष्ट दोन वाक्यांत संपवणं मला अन्यायाचं वाटतं. बिघडलेला घाणा फेकून देणारे कारागीर त्या काळी गल्लोगल्ली असतील. इथे पोटॅशमध्ये आधी काय मिसळलं होतं याचा माग काढला गेला, आणि तोच निळा पुन्हा हुकमी काढता आला.

मग पाठोपाठ आली गुप्तता. डीसबाखचा भागीदार फ्रिश हा रंग विकू लागला. 1708 साली त्याने लायब्निट्सला लिहिलेल्या पत्रात या रंगाचा उल्लेख आहे. पीटर फान डेर वेर्फच्या 1709च्या एका चित्रात हा निळा सापडला आहे. 1710मध्ये बर्लिनच्या विज्ञानसभेच्या प्रकाशनात रंगाची तारीफ छापून आली, कृती मात्र नाही. ती 1724मध्ये लंडनच्या जॉन वुडवर्डने उघड केली: टार्टर आणि सोरा जाळून क्षार करा, त्यात वाळवलेलं बैलाचं रक्त घालून भट्टीत लाल होईस्तोवर तापवा, पाण्यात उकळा, हिराकस आणि तुरटीच्या द्रावणात ओता, निघालेला हिरवट साका आम्लाने धुवा. कृती फुटली आणि रंग जगभर पसरला. होकुसाईची प्रसिद्ध लाट, 1831च्या आसपासची, याच निळ्यात छापलेली आहे.

पण हा पदार्थ, म्हणजेच प्रशियन निळा, आहे तरी काय? आज आपण त्याला लोहाचं जटिल संयुग म्हणतो: मध्ये धातूचा अणू, त्याच्याभोवती ठरावीक दिशांनी बांधलेले दुसरे अणूंचे गट. अठराव्या शतकात ही कल्पनाच नव्हती. रसायनशास्त्रज्ञाकडे एकच उपाय होता, तो म्हणजे वस्तू मोडून पाहणं.

पॅरिसच्या माकेने 1752मध्ये निळा साका अल्कलीत उकळला. रंग गेला, तपकिरी लोह खाली बसलं आणि द्रावणातून पिवळे स्फटिक निघाले. त्यांत हिराकस टाकली की निळा परत. स्वीडनच्या शेलने 1782मध्ये आम्लाबरोबर तापवून त्यातून एक बाष्प वेगळं केलं आणि त्याचा वास, अगदी चवसुद्धा नोंदवून ठेवली. ते हायड्रोजन सायनाइड होतं. आज ती नोंद वाचताना अंगावर काटा येतो. गे-ल्युसॅकने 1815पर्यंत त्या विषाची घडण उलगडली. सायनाइड हे अख्खं घराणं या निळ्याच्या पोटातून बाहेर आलेलं आहे.

नुसत्या आचेवर या निळ्याचं काय होतं, हे रंगाऱ्यांनाही माहीत होतं. कोरडी निळी पूड उघड्यावर पेटवली की ज्वाळा न दाखवता आतल्या आत धुमसत जाते आणि मागे लोहाच्या ऑक्साइडची तपकिरी पूड उरते. तीही ‘प्रशियन तपकिरी’ म्हणून विकली जाई. हवा बंद करून तापवलं तर गोष्ट वेगळी: आधी पाणी निघून जातं, मग सायनाइडचे बंध तुटून विषारी वायू सुटतात आणि शेवटी लोहाचं कार्बाइड राहतं. माकेचं ते पिवळं मीठ वितळवलं की पोटॅशियम सायनाइड मिळतं. एकोणिसाव्या शतकात ते असंच बनवत, आणि 1887च्या ग्लासगोच्या पेटंटनंतर खनिजातून सोनं काढायला त्याला मोठी मागणी आली.

मोडून इतकं कळलं, पण जुळणी कळेना. कारण हा पदार्थ पाण्यात विरघळत नाही. दोन द्रावणं एकत्र येताक्षणी इतक्या बारीक कणांचा साका पडतो की क्ष-किरणांपुढे धरण्याजोगा स्फटिकच मिळत नाही. 1936मध्ये केगिन आणि माइल्स यांनी पुडीवरच क्ष-किरण टाकले आणि घनाकृती जाळी ओळखली: लोह, कार्बन, नायट्रोजन, पुन्हा लोह, अशा सरळ दांड्या तिन्ही दिशांना, बांधकामाच्या परांचीसारख्या. एका लोहाशी कार्बन, पुढच्याशी नायट्रोजन. कार्बनकडच्या लोहावर दोन धनभार, नायट्रोजनकडच्यावर तीन. प्रकाशातला लाल-नारिंगी भाग शोषून एक इलेक्ट्रॉन पहिल्याकडून दुसऱ्याकडे उडी घेतो, आणि उरलेला प्रकाश आपल्याला निळा दिसतो.

हिशेब मात्र जुळत नव्हता. सूत्रात तीन भार असलेले चार लोह-अणू आणि फेरोसायनाइडचे, म्हणजे कार्बनकडचं लोह आणि त्याला बांधलेले सायनाइड यांचे, तीनच गट. जास्तीचं लोह घनांच्या पोकळीत बसलं असावं, असं केगिन आणि माइल्स यांनी मानलं. स्वित्झर्लंडमध्ये लूडी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात दोन्ही घटक विरघळवले, पाण्याच्या वाफेने ते द्रावण फार सावकाश पातळ होऊ दिलं आणि अखेर छोटे पण खरे स्फटिक वाढवले. 1977मध्ये उत्तर छापून आलं: जास्तीचं लोह पोकळीत नाहीच, फेरोसायनाइडच्या दर चार जागांपैकी एक जागा रिकामी आहे आणि तिथे पाणी भरलेलं आहे. एका सूत्रामागे पाण्याचे 14 ते 16 रेणू. डीसबाखच्या पातेल्यापासून इथवर पावणेतीनशे वर्षं गेली. या साऱ्या कुळकथेत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा प्रयोग, कारण त्यात घाई न करणं हीच मुख्य युक्ती होती.

या जाळीच्या पोकळीत सीझियमचे आयन नेमके अडकतात. ब्राझीलमधल्या गोइयानिया शहरात 1987 साली बंद दवाखान्यातलं किरणोत्सारी सीझियम भंगारात गेलं आणि लोकांच्या हातात पडलं, तेव्हा 46 जणांना हा निळा रंग औषध म्हणून पोटात दिला गेला. सायनाइड त्यात लोहाशी इतकं घट्ट बांधलेलं असतं की शरीरात सुटत नाही. आतड्यात येणारं सीझियम तो धरून विष्ठेवाटे बाहेर नेतो. एरवी शरीरातलं सीझियम निम्मं व्हायला सुमारे 110 दिवस लागतात, ते महिन्याभराच्या आसपास येतं.

अलीकडे याच कुळातली सोडियम भरलेली संयुगं बॅटरीच्या धन-विद्युतदांड्यासाठी वापरली जाऊ लागली आहेत. चीनच्या सीएटीएल कंपनीने 2021मध्ये जाहीर केलेली सोडियम बॅटरी अशाच पदार्थावर होती. तिथे लूडीने दाखवलेल्या रिकाम्या जागा आणि त्यांतलं पाणीच आड येतं: जागा रिकामी म्हणजे साठवण कमी, आणि पाणी उरलं तर बॅटरी खराब. म्हणून स्फटिक पुन्हा सावकाश वाढवतात, मग निर्वातात तापवून पाणी काढतात. आच कमी पडली तर पाणी आत राहतं आणि जास्त झाली तर सायनाइडचे बंध सुटू लागतात.