ऊसनोंदीची यादी आणि पायथनची लिस्ट

आजचा एपिसोड कोडिंगचा आहे, पण सुरुवात उसापासून.

आमचं श्रीपूर, तालुका माळशिरस. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट काढली, तिचा कारखाना इथलाच. त्यामुळे इथल्या पोरांना एक यादी लहानपणापासून माहीत असते, ऊसनोंदीची. लागण कधीची, त्यावर तोड कधी हे ठरतं. नंबर मागं गेला की उसाला तुरे येतात, वजन घटतं, आणि पैसे तर वजनावर.

आमच्या वस्तीवरच्या नोंदी तात्या स्वतःच्या वहीत ठेवतात. दिवाळीत मी त्या पायथनच्या लिस्टमध्ये टाकल्या आणि लागणीच्या तारखेनं सॉर्ट करून दाखवल्या. तात्यांनी एकच विचारलं, "आरं, दोघांची तारीख एकच असली तर आधी कोण?"

"कुणीबी आलं तरी काय फरक पडतोय, तात्या?"

"पडतो की! ज्यानं आधी नोंद दिली तो आधी."

बीटेक केलंय, रोज पायथन लिहितो, तरी ती काय करते हे मला सांगता येईना. शोधायला बसलो तर गोष्ट ॲमस्टरडॅमला निघाली.

तिथल्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत पायथनच्या आधी एबीसी नावाची भाषा तयार झाली होती. तिची लिस्ट गमतीशीर. तुम्ही कशाही क्रमानं टाका, ती आपली आपण चढत्या क्रमात लावून ठेवणार. म्हणजे आधी कोण आला, हे पुसलंच गेलं! एबीसीवर काम केलेल्या गुइदो व्हान रॉसम यांनी डिसेंबर १९८९ मध्ये, नाताळच्या सुट्टीत पायथन लिहायला घेतली. १९९१ मध्ये ती बाहेर आली. हिच्या लिस्टमध्ये तुम्ही टाकाल तोच क्रम राहतो. सॉर्ट हवं असेल तर तुम्ही सांगायचं.

पण सॉर्ट केल्यावर सारख्या तारखांचं काय? बरीच वर्षं त्याची हमी नव्हती. २००२ मध्ये टिम पीटर्स यांनी टिमसॉर्ट लिहिलं, २००३ च्या पायथन २.३ मध्ये ते आलं. खरा डेटा पिसलेल्या पत्त्यांसारखा नसतो, त्यात आधीच क्रमानं लागलेले तुकडे असतात, हे त्यांनी हेरलं. (तात्यांची वहीच बघा ना!) टिमसॉर्ट असे तुकडे शोधून एकमेकांत मिसळतं. उतरता तुकडा सापडला तर उलटा फिरवून घेतं, पण मूळ टिमसॉर्ट मध्ये दोन सारख्या किमती शेजारी आल्या की तुकडा तिथंच तोडायचं, कारण नुसतं फिरवलं तर त्या दोघांची अदलाबदल झाली असती. सारख्यांचा मूळ क्रम न मोडणाऱ्या सॉर्टला स्टेबल म्हणतात.

एक खोच मात्र आहे. उतरता क्रम हवा म्हणून आधी सॉर्ट आणि मग वेगळं रिव्हर्स केलंत, तर सारखेही उलटतात. सॉर्टलाच रिव्हर्स ट्रू सांगा, मग नाही उलटत.

तात्यांना फोन करून सांगितलं, पायथन क्रम मोडत नाही.

"बरं. मग तू नावं भरलीस कुठल्या क्रमानं?"

वहीच्या पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर जसे आले, तशी भरली होती. लिस्ट रिकामी केली आणि पहिल्या पानाचा फोटो उघडला.