फुकटचे मशीन, विकतचे मशीन



मंडळाच्या एका संक्रांतीच्या कार्यक्रमाला आमच्या आई दोन तास हसतमुखाने बसल्या होत्या. घरी आल्यावर म्हणाल्या, "छान झाला असेल ना कार्यक्रम?" त्या 'असेल'ने आम्ही दोघेही चपापलो. आईंना ऐकू येत नव्हते आणि आम्हाला कळलेही नव्हते.

मग आपल्यातले बरेच जण करतात तेच आम्ही केले. "सरकारी मशीन नको, फुकटचं ते फुकटचं," असे म्हणून एका दुकानातून कानात दडणारी इवलीशी मशीन्स घेतली. पौंड चार आकडी मोजले. पण त्यातला डाळीएवढा सेल आईंच्या थरथरत्या बोटांना बदलता येईना. महिन्याभरात मशीन्स कपाटात गेली. त्या निमित्ताने आम्ही या 'फुकटच्या' मशीनचा इतिहास वाचून काढला. तो आपल्या सर्वांच्या उपयोगाचा आहे, म्हणून हा लेख.

१९४८ पूर्वी या देशात कानाचे मशीन म्हणजे ऐपतीची गोष्ट होती. १९४४ साली मेडिकल रिसर्च कौन्सिलने एक समिती नेमली. बहुतेकांना चालेल असे एकच चांगले यंत्र बनवता येईल का, हा तिच्यापुढचा प्रश्न होता. १९४७ च्या अहवालात तिने 'येईल' असे उत्तर दिले. कौन्सिलच्याच नावावरून यंत्राला 'मेड्रेस्को' म्हणू लागले, आणि ५ जुलै १९४८ रोजी एन.एच.एस. सुरू झाली तेव्हापासून ते फुकट मिळू लागले. सेलसुद्धा फुकट!

यंत्र मात्र अवजड होते. छातीशी एक डबी, बॅटऱ्यांचा वेगळा डबा आणि कानापर्यंत वायर. तरी ज्यांनी वर्षानुवर्षे घरच्यांचा आवाज नीट ऐकला नव्हता, त्यांना त्याचे मोल विचारावे.

पुढची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९५१ साली सरकारने कवळ्या आणि चष्म्यांवर आकार बसवला. त्यावरून एन.एच.एस.चे जनक अन्यूरिन बेव्हन यांनी मंत्रिपद सोडले. कानाचे मशीन मात्र फुकटच राहिले.

मग फुकटचे हलके, ही समजूत कुठून आली? तिच्यात तथ्य होते. खाजगी कंपन्या कानामागे बसणारी छोटी यंत्रे विकू लागल्या, तरी एन.एच.एस.कडे ती सर्रास १९७४ पासून, तीही टप्प्याटप्प्याने आली. दुसरीकडे दारोदार फिरून म्हाताऱ्यांच्या गळ्यात यंत्रे मारणारे विक्रेते इतके माजले, की १९६८ साली कायदा करून त्यांची नोंदणी सक्तीची करावी लागली. १९९६ साली बाजारात डिजिटल यंत्रे आली आणि दरी आणखी रुंदावली. खाजगीत एका कानाला हजार पौंडांच्या वर, तर सरकारी दवाखान्यात जुनेच.

ही दरी बुजली ती २००० ते २००५ या काळात. आर.एन.आय.डी. या बहिऱ्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या साथीने इंग्लंडभर डिजिटल यंत्रे देण्याचे काम झाले. घाऊक खरेदीमुळे एका यंत्राची किंमत शंभर पौंडांच्या खाली आली. पण मागणी एवढी वाढली की काही गावांत दोन-दोन वर्षे थांबावे लागले. २०१५ साली नॉर्थ स्टॅफर्डशरमध्ये कमी बहिरेपणा असलेल्यांना यंत्र नाकारण्याचा नियम झाला, तेव्हा देशभर ओरड झाली. २०१८ साली 'नाईस' या संस्थेने स्पष्ट सांगितले, की ऐकण्या-बोलण्यात अडचण येत असेल तर यंत्र द्यावे, आणि दोन्ही कानांना गरज असल्यास दोन द्यावीत.

तात्पर्य काय? आज पैसे देऊन आपण मुख्यतः वेळ, आकार आणि निवड विकत घेतो. खाजगीत रांग कमी, यंत्र लहान, प्रकार अधिक. नोकरीत रोज बैठका असणाऱ्याला ते मोलाचे वाटू शकेल. पण अधिक पैसे म्हणजे अधिक ऐकू येणे, असा हिशेब नाही. यंत्र कानाला नीट जुळवले आहे का आणि ते रोज घातले जाते का, यावरच सारे अवलंबून.

म्हणून आधी जी.पी.कडे जावे. काही भागांत थेटही नाव नोंदवता येते. रस्त्यावरची काही दुकाने एन.एच.एस.चे कामही करतात, तेव्हा 'हे एन.एच.एस.चे की खाजगी?' हे पहिल्यांदा विचारावे. खाजगी घ्यायचेच तर विक्रेत्याचे नाव एच.सी.पी.सी.च्या यादीत आहे का, पसंत न पडल्यास पैसे परत मिळतात का आणि पुढची दुरुस्ती किमतीत धरली आहे का, हे लिहून घ्यावे. भारतातून स्वस्तात आणलेले किंवा इथे विकत घेतलेले यंत्र एन.एच.एस.वाले सहसा जुळवून देत नाहीत. आणि नुसते भेटीला आलेल्या आई-वडिलांना ही सोय सहसा फुकट नसते.

आमच्या आईंना तपासणीनंतर कानामागची दोन मशीन्स मिळाली. घरी मराठी बोलतो हे आम्ही तिथे आवर्जून सांगितले, कारण वयाबरोबर आधी हरवतात ते 'स', 'श', 'फ' असे बारीक आवाज, आणि 'साठ'चे 'आठ' व्हायला वेळ लागत नाही. पहिले काही दिवस भांड्यांच्या आवाजाने त्या वैतागल्या. आम्ही नेट धरला. आता फोनवर नाशिकच्या मावशींशी त्यांची भांडणे पूर्ववत सुरू झाली आहेत!

एक विनंती मंडळाच्या समितीला. या यंत्रांत बहुधा 'टी'ची सोय असते. हॉलमध्ये लूप बसवलेले असेल, तर माईकवरचा आवाज थेट मशीनमध्ये येतो. पुढचा हॉल ठरवताना भाडे आणि पार्किंग यांच्याबरोबर लूपचीही चौकशी करावी. आपले आजी-आजोबा 'कार्यक्रम छान झाला असेल' म्हणत घरी जाऊ नयेत, एवढीच इच्छा.