गळाला काय लागलं, हे आमिषालाही विचारा

हिंगोलीहून वाशिमकडे निघालात की कनेरगाव नाका लागतो, आणि मग पैनगंगा. समजा, काठावर एक पोरगा गळ टाकून बसलाय. गळाला गांडूळ. संध्याकाळी त्याच्या पिशवीत पाच शिंगट्या निघाल्या. मग या डोहात शिंगट्याच जास्त आहेत, असं लिहायचं का? घाई करू नका. शेवाळ खाणारा मासा गांडुळाकडे फिरकणारच नाही. पिशवीत डोह नसतो. आमिषाने निवडलेला डोहाचा एक तुकडा असतो.

संशोधनाच्या तयारीत असलेल्यांसाठी आज या आमिषाचाच थोडा इतिहास.

अमेरिकेत स्मॉलमाउथ बास नावाचा गोड्या पाण्यातला मासा हौशी गळकऱ्यांचा फार लाडका. त्याच्यासाठीही पूर्वापार आमिष म्हणजे जिवंत गांडूळ. रबराची नकली गांडुळं आधीही होती, पण ती ताठ. १९४९ मध्ये ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रनच्या निक क्रीम यांनी मऊ प्लास्टिकचं गांडूळ तयार केलं. आतली युक्ती रसायनशास्त्राची: पीव्हीसीत मऊपणा आणणारं द्रव्य मिसळायचं, तापवायचं, साच्यात ओतायचं. हे गांडूळ तळाशी हळूहळू ओढता येतं आणि मऊ असल्यामुळे मासा ते लगेच थुंकत नाही. म्हणजे बघा, नदी तीच, मासे तेच. पण आमिष बदललं की वहीतला आकडा बदलू शकतो. जुन्या आणि नव्या वह्या शेजारी ठेवून 'मासे वाढले' म्हणणारा इथेच फसतो.

मग गळकऱ्यांच्या नोंदी टाकून द्यायच्या का? मुळीच नाही. उदाहरण आपल्या जवळचं आहे.

कर्नाटकात कावेरीवर गलिबोरे इथे महसीर पकडून परत सोडण्याचं केंद्र होतं. नाचणीच्या पिठाचा गोळा हे तिथलं नेहमीचं आमिष. १९९८ ते २०१२ या काळातल्या तिथल्या नोंदी एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन यांनी तपासल्या आणि २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले. २३,६२० तासांची गळटाकणी, ६,१६१ महसीर. दर तासाला मिळणारे मासे काळाबरोबर वाढत गेले होते. वरवर पाहिलं तर आनंदाची बातमी. पण नोंदीत माशाचं वजन होतं आणि रूपही. ते वेगळं काढल्यावर चित्र उलटलं: वाढत होता तो निळसर परांचा महसीर. कावेरीचा मूळचा, पाठीवर उंचवटा असलेला महसीर जवळपास दिसेनासा झाला होता. एकूण बेरजेनं त्याचं जाणं झाकून टाकलं होतं.

हा निळसर परांचा मासा आला कुठून? त्याचा धागा महाराष्ट्रात येतो. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांवर लिहिताना याच जातीचं वर्णन केलं; आज तिला टॉर खुद्री म्हणतात. महसीर घटू लागल्यावर डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांच्या अभ्यासाच्या आधारे लोणावळ्याला टाटांच्या वीजकंपनीच्या केंद्रात त्याची कृत्रिम पैदास सुरू झाली. १९७० च्या दशकापासून तिथली पिल्लं कावेरीतही सोडली गेली. हेतू संवर्धनाचाच होता. मूळ मासा जाण्यामागे धरणं, सुरुंग लावून होणारी मासेमारी अशी इतरही कारणं पुढे येतात. कालक्रम जुळला म्हणजे कारण सिद्ध झालं, असं नाही. पण नुकसान खरं आहे. त्या उंचवट्याच्या माशाची शास्त्रीय ओळख टॉर रेमादेवी अशी पक्की झाली ती २०१८ मध्ये, आणि तोवर तो नामशेष होण्याच्या काठावर पोचला होता.

आता तुमच्याकडे वळतो. तुमची प्रश्नावली, तुमचा सेन्सर, अभिलेखागारातलं दप्तर, हे सगळे गळच आहेत. प्रत्येकाला काहीतरी आमिष लावलेलं असतं. म्हणून नोंद हाती आली की तीन गोष्टी आधी विचारा: आमिष काय होतं? किती तास बसले? आणि बेरीज करताना कोणाकोणाला एकाच नावाखाली टाकलं?

आणि पैनगंगेकाठच्या त्या पोराला विचारायचं असेल, तर 'किती मिळाले?' एवढ्यावर थांबू नका. 'आधी मिळायचा आणि आता मिळत नाही, असा कोणता मासा आहे का रे?' हेही विचारा. त्याला ठाऊक नसेल, तर त्याच्या आजोबांना. ते जे नाव सांगतील, ते तसंच्या तसं वहीत उतरवा.